गाडी जाणार मोंबासाला, आणि मी अजून दाभोळच्या जेटीवर

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी दापोली तालुक्यातला, दाभोळच्या जवळच गाव. वय ३६. पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली, मार्चमध्ये सोडली, तेव्हापासून घरीच आहे. माझ्याकडे जुनी ४११ वाली हिमालयन मोटरसायकल आहे. ती कंटेनरमधून न्हावा शेवाहून मोंबासाला पाठवायची, मागून मी विमानाने जायचं, आणि मग केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया असं करत केपटाऊनपर्यंत सगळं जमिनीवरून. सरळ गेलं तर साडेसहा-सात हजार किलोमीटर होतील, पण सरळ जायचंच नाहीये, आठ ते दहा महिने धरलेत. गणपती झाले की गाडी बंदरात द्यायची आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आपण उडायचं. परवा गटारी झाली, म्हणजे हातात दोन-अडीच महिने.

तयारीची गंमत आधी सांगतो. गाडी पाठवायला लाकडी क्रेट लागतो. म्हटलं आपण आंबेवाले, पेट्यांचं आपल्याला काय कौतुक. गावातल्या पेट्या ठोकणाऱ्याला सांगितलं. त्या माणसाने जन्मात पाच डझनी पेटीपेक्षा मोठं काही ठोकलेलं नाही, तो इतका खूश झाला की दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही आणि क्रेट करून दिला, वर विचारतो पेंढा किती घालू. फोटो एजंटला पाठवला तर तो म्हणाला हे चालणार नाही, लाकूड हीट ट्रीटमेंट केलेलं पाहिजे आणि त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का पाहिजे, लाकडातून कीड जाते म्हणून तिकडे अडवतात. आता त्या क्रेटमध्ये आमच्या कोंबड्या राहतात.

पण मला विचारायचंय ते हे नाही. गेली चार वर्षं नकाशे बघतोय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. नोकरी सोडली त्या दिवशी पायाखाली जमीन नाही इतका हलका होतो. आणि आता सगळं जमत आलंय तर रोज संध्याकाळी जेटीवर जाऊन बसतो नि फेरीबोट धोपाव्याला जाताना बघतो. परवा गुहागरला काम होतं म्हणून गाडी बोटीत चढवली, फळी वर घेतली, बोट सुटली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. धोपाव्याला जायला! लहानपणापासून शेकडो वेळा ओलांडलेलं पाणी आहे हो ते.

घरी आई रोज एक पिशवी भरते. कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, काल बघतो तर आंब्याची साठं. मी सांगतो अगं गाडीला दोनच पेट्या आहेत. ती हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी अजून एक पिशवी. बाबा ७१ वर्षांचे, ते काहीच बोलत नाहीत. आमची ८५ कलमं आहेत. यंदा कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध, मी घातलं, आळी करून, मोजून, तर बाबा मागे छत्री घेऊन उभे. एरवी दहा चुका काढतात, यावेळी एक शब्द नाही. नोव्हेंबरात पालवीवरची फवारणी सुरू होईल, मग मोहोर, मग राखण, तोपर्यंत मी कुठे मलावीच्या तळ्याकाठी असणार. भाऊ डोंबिवलीला, तो मे महिन्यात आंबे खायला येतो.

तर ज्यांनी असे लांबचे प्रवास केलेत त्यांनी सांगा, निघायच्या आधीचे दिवस तुम्ही कसे काढलेत? हे जे वाटतंय ती नुसती भीती आहे की आतून कोणी शहाणपणा सांगतंय, हे ओळखायचं कसं? आणि कागदपत्रांत काही राहत असेल तर तेही सांगा, कार्नेचा, म्हणजे गाडी परदेशात तात्पुरती न्यायच्या कागदाचा, अर्ज करायचाय अजून.

बोटवाला_रत्नागिरी

वाचून हसलो रे, धोपाव्याच्या बोटीत खड्डा पडला म्हणे. मी २९ वर्षं बोटीवर काढली, इंजिनरूममध्ये, आणि प्रत्येक जॉइनिंगच्या आधी मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसलो की असंच व्हायचं. जहाजात चढलो की काही नाही. तेव्हा त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

मोंबासाला किलिंदिनी बंदरात मी किती वेळा लागलोय मोजलं नाही. तुला परकं वाटणार नाही हे लिहून देतो. पहिल्यांदा उतरलो तेव्हा एका ओळखीच्या खलाशाच्या घरी जेवायला गेलेलो, तिथे मागच्या पडवीत त्याची म्हातारी बुटक्या लाकडी पाटावर बसलेली, पाटाच्या पुढच्या टोकाला दातेरी पातं, आणि ती नारळाची कवड त्यावर फिरवत्येय, खाली ताटात पांढरा ढीग. मी दारातच उभा. आमच्या आईची खवणी ती! फक्त ते लोक तिला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. मग त्या खोबऱ्याचं दूध काढून त्यात भात शिजवला. गाडीला ते गारीच म्हणतात, दुकानाला दुका, चहाला चाय, चपातीला चपाती, इन्शुरन्सला बिमा. आंब्याला मात्र एंबे.

हे काय उगाच नाही झालेलं. पूर्वी शिडाची गलबतं वाऱ्यावर जायची, डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, त्याला तिकडे कास्काझी म्हणतात, तो इकडून तिकडे नेतो, आणि नंतर उलटा वारा सुटला, कुसी, की परत. म्हणजे गेलेला माणूस वारा फिरेपर्यंत तिथेच अडकायचा, मनात आलं म्हणून परत यायची सोयच नाही. फोर्ट जीझस बघ नक्की, पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतलेला. कोर्लईचा किल्ला बघितला असशील तर त्याचा चुलतभाऊ समज.

आता कामाचं. एक, निघायच्या आधी घरात भांडण होतं. होतंच. मी नि बायको दरवेळी शेवटच्या आठवड्यात कशावरून तरी भांडायचो, एकदा तर गॅसच्या शेगडीच्या बर्नरवरून. त्याचा राग धरून निघायचं नाही. दोन, फोनचा वार ठरवून दे. रोज फोन करीन म्हणू नकोस, एखाद दिवस रेंज नसली की इकडे आईचा जीव टांगणीला. रविवार म्हण, आणि रविवार चुकला तर बुधवारपर्यंत काळजी करायची नाही हेही आत्ताच सांगून ठेव. तीन, आमसुलं ने, कोकमाचं आगळ नेऊ नकोस. बाटली फुटली तर सगळे कपडे एका रंगाचे होतील, माझे झालेत.

सुपारीबाग

मी श्रीवर्धनची. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा आमची जुनी जीप घेऊन केनिया ते नामिबिया गेलो होतो, सात महिने. त्यामुळे थोडं अधिकाराने लिहिते, रागावू नका.

सगळ्यात आधी तुमची तारीख. आपल्या कोकणी डोक्यात पक्कं बसलेलं असतं की गणपती गेले, नवरात्र झालं, पाऊस संपला. विषुववृत्ताच्या खाली उलटं आहे. मलावी, झांबिया, बोट्स्वाना इकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तुम्ही ऑक्टोबरात उतरून घाईघाईने दक्षिणेला सुटलात तर आपला जून सोडून त्यांच्या जूनमध्ये जाणार. केनियातही ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस आणि मार्च ते मे मोठा. मे ते ऑक्टोबर हा खाली दक्षिणेत कोरडा, मस्त काळ, प्राणीसुद्धा तेव्हाच पाणवठ्यावर दिसतात. डांबरी रस्ता धरून राहिलात तर पावसात काही अडत नाही, पण आतल्या मातीच्या रस्त्यांवर त्या वजनाची गाडी काळ्या चिखलात आडवी झाली की एकट्याने उचलून दाखवा.

कार्ने. हा गाडीचा पासपोर्ट समजा. आपल्याकडे मुंबईतल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो, गाडीची किंमत आणि देश बघून अनामत किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते. एकेका पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा तुमच्याकडे राहतो दोन्ही शिक्क्यांसकट. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री तुमची गाडी त्या देशातच विकली गेली असा अर्थ होतो आणि अनामत अडकते. आम्ही एका नाक्यावर शिक्का न घेता पुढे आलो. रात्र झालेली, साहेब जेवायला गेलेला, नवरा म्हणाला चल, पासपोर्टवर तर मारलाय ना. ३८ किलोमीटर पुढे आल्यावर मला आठवलं. परत. त्या ३८ किलोमीटरमध्ये आम्ही एक अक्षर बोललो नाही. तेव्हा पासपोर्टचा शिक्का वेगळा, गाडीचा वेगळा, हे हँडलवर चिकटवून ठेवा. बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका हे कस्टमच्या हिशोबात एकच घर आहे. आणि मुदत एक वर्षाची, मोजणी कागद निघाल्या तारखेपासून, म्हणून उगाच लवकर काढू नका.

पिवळ्या तापाची लस घ्यायची, ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. ती नसेल तर परत येताना आपलेच लोक विमानतळावर सहा दिवस बाजूला ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने नको. इंटरनॅशनल लायसन्स आरटीओतून, तेही वर्षाचंच. थर्ड पार्टी विम्याला कोमेसाचं, म्हणजे तिकडच्या देशांच्या व्यापारसंघाचं, पिवळं कार्ड घ्या, केनियात निघतं आणि टांझानिया, मलावी, झांबियाला तेच चालतं. सिमकार्ड घेतलं की एमपेसा चालू करा, ते लोक २००७ पासून फोनवरून पैसे देतायत, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, भाजीवालीसुद्धा घेते. तुमच्या रस्त्यावरचे सगळे देश आपल्यासारखे डावीकडूनच चालवतात, वाकडी वाट करून रवांडाला गेलात तर तेवढं उजवीकडून.

आणि तुम्ही जेटीचं लिहिलंत म्हणून एक. झांबियातून बोट्स्वानात जाताना कझुंगुलाला झांबेझी लागते. तिथे पूर्वी अशीच फेरी होती, ट्रकवाले दिवसेंदिवस रांगेत. २०२१ ला पूल झाला, ९२३ मीटरचा, आणि तो सरळ नाही, वाकडा आहे, कारण सरळ बांधला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीतून गेला असता. आम्ही पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे गेलो आणि मला उगीचच आमच्या दिघी-आगरदांड्याची बोट आठवली.

चाकरमानी९२

सगळं छान आहे पण मूळ मुद्द्याला कोणी हात लावत नाहीये. ७१ वर्षांचे वडील, ८५ कलमं, आणि मुलगा आठ-दहा महिने गायब. फवारणी कोण करणार? पंप कोण ओढणार? वानरं कोण हाकलणार? आमच्याकडे बाबा गेले आणि दोन वर्षांत बाग कराराने द्यावी लागली, आता आमच्याच झाडाचा आंबा आम्ही विकत घेतो. फिरायचंय तर पंधरा दिवस फिरा ना, कोण नको म्हणतंय. स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.

खाडीपलीकडचा

राग नाही, पण लागलं हे खरं. काल रात्री वाचलं आणि झोप आली नाही.

बागेचं असं आहे की आमच्याकडे नेपाळचा एक गडी येतो, गेली नऊ वर्षं, दिवाळीच्या आसपास बायकोला घेऊन येतो, बागेतल्या खोपीत राहतो, फवारणी, राखण, काढणी सगळं त्याला येतं, आंबा संपला की पावसाआधी परत. मी पुण्याला होतो तेव्हाही बाग तोच आणि बाबा मिळून बघत होते. मी मदत करायला लागलो ती या चार महिन्यांत. म्हणजे खरं बघायला गेलं तर मी नसण्याची बागेला सवय आहे, असण्याची नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

सुपारीबाग ताई, पावसाचं वाचून मी सरळ कॅलेंडर काढून बसलो. असं वाटतंय की घाई कशाला, पुढच्या मे महिन्यात निघावं, म्हणजे आंबाही होईल, तिकडे कोरडं असेल, बाबांनाही बरं. बोटवाले काका, खवणीचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग तिकडे नारळ मिळतो तर तू सुकं खोबरं कशाला नेतोयस. मी कुठे नेतोय, तिनेच भरलंय.

मधलीसुट्टी

मी रेवदंड्याचा, शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. दाभोळचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या गावात एका रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे, अफनासी निकितिन. त्वेर गावचा. निघाला होता व्होल्गेवरून कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवानला व्यापार करायला, आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. कर्ज डोक्यावर, परत जायला तोंड नाही, म्हणून पुढेच गेला. बाकू, इराण, होर्मुझ, आणि तिथून १४७० च्या आसपास गलबतात बसून आमच्या शेजारच्या चौलला उतरला, सोबत एक घोडा. घोडा विकून पैसे करायचे हा बेत. त्याने लिहून ठेवलंय की मी जाईन तिथे माणसं गोऱ्या माणसाला बघायला मागे लागतात.

आता ही गंमत बघा, तुमच्या कार्नेशी जुळते म्हणून सांगतो. हा घोडा घेऊन घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळाभर तिथे अडकला, आणि तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. म्हणाला आमचा धर्म घे तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही जाईल आणि तुझ्याकडूनच हजार घेईन. चार दिवसांची मुदत. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्ये पडून सोडवलं. शिक्का राहिला म्हणून गाडी अडकायची भीती तुम्हाला आज वाटत्येय ना, ती त्याला साडेपाचशे वर्षांपूर्वी वाटून झालीये.

परतताना तो बोटीत बसला तो तुमच्या दाभोळला. तेव्हाचं दाभोळ म्हणजे अरबस्तानातून घोडे उतरणारं मोठं बंदर. ज्या पाण्याकडे बघत तुम्ही संध्याकाळी बसता त्याच पाण्यातून गेला. घरी मात्र पोहोचला नाही, त्वेरच्या अलीकडे स्मोलेन्स्कजवळ वारला, वह्या तेवढ्या पोहोचल्या. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, पण वर्गातही मला शेवट गाळायची सवय नव्हती.

रेवदंड्याला या एकदा जायच्या आधी, वडी-भात खाऊन जा.

कातळसडा

मी जरा वेगळा अनुभव सांगतो. २०१९ ला सायकलवर भारतभर वर्षभर फिरायला निघालो, देवगडच्या सड्यावरून. मोठा कार्यक्रम केला. गावाने हार घातले, पेपरात फोटो, सायकलला झेंडा. २३ व्या दिवशी उदयपूरहून ट्रेनने परत. पाय दुखले नाहीत, सायकल मोडली नाही, काहीच झालं नाही. एका धाब्यावर बसलो होतो नि कळलं की मला पुढे जायचं नाहीये. निघालो होतो ते लोकांना सांगून झालं होतं म्हणून. घरी आलो तर दोन महिने संध्याकाळी तिठ्यावर जायचो नाही, कोणी विचारलं ‘इतक्यात?’ तर काय सांगू.

दोन वर्षांनी परत निघालो. यावेळी फक्त घरी आणि दुधवाल्याला माहीत. पाच महिने फिरलो.

तू विचारतोस भीती की शहाणपण. मला एवढंच कळलंय की शहाणपण असेल तर ते कामाचं नाव सांगतं. अमुक कागद नाही, अमुक माणूस नाही, पैसे कमी आहेत. भीतीला नाव विचारलं की ती दुसरंच काहीतरी पुढे करते. आता तुझंच बघ. ताईंनी पावसाचं सांगितलं, चांगल्या मनाने सांगितलं, आणि तू एका रात्रीत सात महिने पुढे उडी मारलीस. पुढच्या मे महिन्यात आंबा असेल, जूनमध्ये तुझ्या आईचे गुडघे असतील, मग गणपती आहेतच. त्यांनी नीट वाच काय लिहिलंय, दक्षिणेला घाईने सुटू नका म्हटलंय, निघू नका म्हटलेलं नाही. तुझ्याकडे दहा महिने आहेत ना, मग आधी वरच फिर.

आणि चाकरमानीने बाबांचं काढलं, तू आईचं लिहिलंस, बागेचं लिहिलंस, नेपाळच्या गड्याचं लिहिलंस. बाबांना विचारलंस का? सगळ्या पोस्टी परत वाचल्या, तसं एक वाक्य नाहीये.

सुपारीबाग

कातळसडा बरोबर बोलतायत. मी तुम्हाला थांबवत नव्हते हो. ऑक्टोबरला जा, केनिया-युगांडा-रवांडाचा एकत्र व्हिसा मिळतो ९० दिवसांचा, तिकडे रेंगाळा, जानेवारी-फेब्रुवारीत टांझानियाचा उत्तर भाग करा, तेव्हा तिथे बरा काळ असतो, आणि एप्रिल संपताना मलावीत उतरा. पुढे सगळं कोरडं. मग कार्नेची तारीख तेवढी जपा.

खाडीपलीकडचा

बारा दिवसांनी लिहितोय, मध्ये नारळी पौर्णिमा झाली, लाईट नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीर होत नव्हता.

विचारलं बाबांना. पडवीत बसून ते पंपाचा वॉशर बदलत होते. मी म्हटलं, मी गेलो तर तुम्हाला चालेल का. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, पंपाची दोरी ओढायला खांदा येत नाही, डावा, दीड वर्ष झालं. मला माहीतच नव्हतं! मी मूर्खासारखा मनात आफ्रिका घेऊन बसलेलो आणि त्यांच्या डोक्यात दोरी. मग म्हणाले त्या गड्याला दिवाळीआधी बोलाव, आणि या वेळी त्याच्या भावालाही आण म्हणावं, दोघांचं देऊ, तू दे थोडे. आणि मग वॉशर बसवता बसवता म्हणाले, तो नऊ वर्षं आठ-आठ महिने घर सोडून येतोय, बस, ट्रेन, परत बस, त्याला आपण कधी विचारलं का निघताना पोटात काय होतं.

मी खरंच फोन केला त्याला. तो आत्ता गावी आहे, भातशेती चालू. भावाला आणतो म्हणाला. मग मी सांगितलं की मी पण चाललोय, आठ-दहा महिने, लांब, आफ्रिकेत. तो खूश. विचारतो, साहेब, तिकडे रोज किती मिळणार? मी म्हटलं मिळणार काही नाही, मीच खर्च करणार. पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाला, अच्छा, सुट्टी. मला पुढे काही बोलता आलं नाही. पोटात काय होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

खांद्याचं दाखवलं दापोलीला, गोठलाय म्हणाले, व्यायाम दिलाय, बाबा करत नाहीत.

आईने देवळात गाऱ्हाणं घालून घेतलं. गुरव म्हणतो देश कंचे कंचे ते सांग, देवीला पत्ता नको? मग मी मागून सांगतोय आणि तो पुढे, ‘आई म्हाराजा, ह्यो तुजा पोर फटफटी घेऊन दर्यापार चाललाय, केनिया म्हणा, टांजानिया म्हणा, वाटंत काय वाकडानाकडा असंल ता सरल कर,’ आणि मागून दहा-बारा जण ‘व्हय म्हाराजा!’ बोट्स्वानाला तो अडखळला, दोनदा विचारलं, मग ‘आन् त्येच्या पुढचा सगला’ म्हणून मोकळा झाला. व्हय म्हाराजा. सुपारीबाग ताई, कझुंगुलाचा वाकडा पूल त्यात येतो की नाही माहीत नाही.

तारीख ऑक्टोबरच ठेवलीये, ताईंनी सांगितलेल्या रस्त्याने. लस पुढच्या मंगळवारी. कार्नेचा अर्ज गाडी द्यायची तारीख पक्की झाली की लगेच. रविवार ठरला फोनचा, बुधवारचंही सांगितलंय, आईने हो म्हटलंय पण तिच्या हो म्हणण्यावर माझा विश्वास नाही. आणि काका, भांडण झालं. सुक्या खोबऱ्यावरून.

चाकरमानी भाऊ, तुमच्या बागेचं वाईट वाटलं. मे महिन्यात दाभोळला या, बाबा असतील, पेटीचे पैसे घेणार नाहीत.

शिक्क्याचं लाकूड परवा येतंय. पेट्या ठोकणाऱ्यालाच दिलंय काम, त्याने अट घातलीये की पहिला क्रेट त्याला परत पाहिजे, मापाला. पण तिथे आता तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलीये, तेव्हा अजून आठ-दहा दिवस त्याला थांबावं लागेल.